बराकीतली अभ्यासिका

उल्हासनगरात पत्ता सांगताना लोक अजूनही 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' म्हणतात. बाहेरच्याला गंमत वाटते, पण त्यामागे दुसरं महायुद्ध आहे. कल्याणजवळ सैनिकांसाठी छावणी बांधली होती. फाळणीनंतर तिथल्या लांबच लांब बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली.

बराक म्हणजे सगळे एकसारखे आहेत असं धरून बांधलेली जागा. कुटुंबांनी तिथे गोणपाट, चादरी लावून आधी आडोसे केले.

हे आठवलं एका मित्रामुळे. कॉलेजात असताना तो अंबरनाथच्या एका अभ्यासिकेत जायचा. पुटपुटल्याशिवाय त्याच्या डोक्यात काही शिरत नसे, आणि दर पंधरा मिनिटांनी एक फेरी लागायची. आठवड्याभरात 'इतरांना त्रास होतो' म्हणून त्याला बंदी. तक्रार खोटी नव्हती, हीच तर गोची! त्याला डिस्लेक्सिया आहे हे नोकरी लागल्यावर कळलं.

तसा महाराष्ट्र या बाबतीत मागे नव्हता. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती राज्य सरकारने १९९६ मध्येच दिल्या. केंद्राच्या १९९५ च्या अपंग कायद्यात मात्र ना डिस्लेक्सिया होता, ना ऑटिझम. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, तेव्हा दोन्ही आले. मधे वीस वर्षं गेली.

पण आपली सगळी चर्चा परीक्षेच्या तीन तासांची. उरलेलं वर्षभर तो मुलगा बसतो कुठे? बदलापूर-अंबरनाथच्या वन रूम किचनमध्ये टीव्ही आणि कुकरची शिट्टी, म्हणून अभ्यासिका. तिथे पांढऱ्या ट्यूबचा झगझगाट, पंख्याची घरघर, समोरासमोर टेबलं, आणि वर 'शांतता राखा'. म्हणजे पुन्हा बराकच की!

खर्च फार नाही. भिंतीकडे तोंड केलेली चार टेबलं, मधे प्लायवूडचे आडोसे, प्रत्येकाला आपला दिवा, रोज तीच ठरलेली जागा. शिवाय पुटपुटायला आणि फेऱ्या मारायला एक वेगळी खोली किंवा गच्ची. याचा फायदा बाकीच्यांनाही होईल. पुटपुटणारा गच्चीवर गेला की हॉल आपोआप शांत.

पंचाहत्तर वर्षांपूर्वी इथल्या लोकांना हे कोणी शिकवलं नव्हतं. एका हॉलमध्ये सगळे मावतात, पण राहायला प्रत्येकाला आडोसा लागतो. अभ्यासालाही लागतो, इतकंच.