दाढ, डोळा आणि काकतालीय न्याय

मंडळी, लोट्यात बोलायचं तर आधी एक प्रश्न. दाढ दुखली की आपण पहिल्यांदा कुठे जातो? लवंगेकडे. मग मीठपाण्याच्या गुळण्या, मग मेडिकलमधली गोळी. दातांचा डॉक्टर सगळ्यात शेवटी. तालुक्याच्या गावी, खेडला, दंतवैद्यकाचं महाविद्यालय असूनही! याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आमचं म्हणणं वेगळं आहे. ही भीती एके काळी अनुभवावरच उभी होती. पुढे अनुभव बदलला, पण त्यावरून काढलेलं अनुमान तसंच राहिलं.

थोडा इतिहास पाहू. सुश्रुतसंहितेतल्या दंतरोगांत ‘कृमिदन्तक’ येतो. दातात किडा शिरतो, ही समजूत जगभर होती. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देत, युरोपात खुरासानी ओव्याच्या बियांची. तिथे तापलेल्या बीतून पांढरा गर्भ बाहेर पडे आणि रोग्याला वाटे, किडा निघाला. १७२८ साली फ्रान्समध्ये पिएर फोशार यांनी आपल्या ग्रंथात लिहिलं की, शोधूनही असा किडा आपल्याला सापडला नाही.

धुरीने भागलं नाही, की दात उपटायचा, तोही शुद्धीत. १८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टनला विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल देऊन दाखवली. मॉर्टन दंतवैद्यच होते, बरं का. नुसती हिरडी बधिर करणारं नोव्होकेन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं. आपल्या देशात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात पहिलं दंत महाविद्यालय काढलं १९२० मध्ये. मुंबईत नायरचं सुरू झालं १९३३ मध्ये. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात शिकलेल्या दंतवैद्यांचा आकडा जेमतेम हजार, म्हणजे तीन लाख माणसांमागे एक! तेव्हा कोकणातल्या आपल्या आजी-पणजीच्या वाट्याला कोण येणार? वैदू आणि त्याचा चिमटा. त्या पिढीने दाताच्या इलाजाला भ्यायचं नाही, तर कशाला भ्यायचं?

आता डोळ्याचं बघा. ‘दाढ काढली की नजर जाते’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. वरच्या दाढेची नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी. दाढ काढल्याने नजर जात नाही. मग ही समजूत आली कुठून? आपल्या न्यायपरंपरेत याला छान नाव आहे, काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ. पन्नाशी-साठीत दाढा जातात, त्याच वयात चाळिशीचा नंबर वाढतो, मोतीबिंदू येतो. दोन्ही वयाचे परिणाम, पण आपण एकाला दुसऱ्याचं कारण केलं.

दुसऱ्यांना कशाला हसायचं? आम्ही स्वतः, तत्त्वज्ञानात डॉक्टरेट घेतलेले, एक दाढ दोन वर्षं अंगावर काढली. एक दिवस ठणका थांबला. आम्ही म्हणालो, बरी झाली. प्रत्यक्षात आतली नस मेली होती आणि मुळाशी पू धरत होता. धूर दिसला नाही म्हणून अग्नी नाही, असं अनुमान आम्ही वर्गात एकाही विद्यार्थ्याला करू दिलं नसतं. स्वतःच्या तोंडात मात्र केलं. शेवटी दाढ काढावीच लागली.

इथेच चक्र पूर्ण होतं. उशिरा जायचं, म्हणून काढण्याखेरीज इलाज उरत नाही. मग गावात बोलायचं, ‘तो डॉक्टर दात काढूनच टाकतो.’ ते ऐकून पुढचा माणूस आणखी उशिरा जातो.

खर्चाची अडचण मात्र खरी आहे. ब्रिटनने १९४८ मध्ये आरोग्यसेवा मोफत केली. पण कवळ्यांना एवढी मागणी आली, की १९५१ मध्ये त्यांवर शुल्क बसवायचं ठरलं, आणि ती सेवा उभी करणारे मंत्री अन्युरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. श्रीमंत देशाला जे जड गेलं, ते एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला जाणारच. त्याची फीही जाते आणि पाळीही बुडते. पण छोटं भोक एका खेपेत भरलं जातं. तेच नसेपर्यंत पोचलं, की रूट कॅनॉल, कॅप, तीन-चार खेपा. टाळल्याने खर्च वाचत नाही, वाढतो.

राहिला अविश्वास. आपलं तोंड आपल्याला आतून दिसत नाही, म्हणून दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागतं. नैयायिक म्हणतात, शब्द प्रमाण मानायचा तो आप्ताचा. म्हणजे ज्याला माहीत आहे आणि जो खरं सांगतो, त्याचा. तेव्हा जरूर पारखा. ‘एक्स-रे दाखवा, आरशात दाखवा. दुसरा उपाय काय? सहा महिने थांबलो तर काय होईल?’ नीट उत्तर देणारा डॉक्टर धरून ठेवा, न देणारा बदला. पण जाणंच बंद करू नका.

मायबहिणींना एक वेगळं सांगणं आहे. टूथ पावडरीत तंबाखू घालायला १९९२ मध्ये बंदी आली, पण तव्यावर भाजलेली मिश्री घरात राहिलीच. हिरडीला किंवा गालाला आतून फोड, पांढरा चट्टा आला आणि दोन आठवड्यांत गेला नाही, तर तो दुखत नसला तरी दाखवा. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. तिथे ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हे अनुमान दाढेवर थांबत नाही, जिवावर बेततं.