प्राचीन ग्रीसमधील प्रकाश: सूर्य, मशाल आणि नंदादीप

ग्रीक पुराणकथांत प्रकाश अंधाराच्या पोटी जन्मतो. इ.स.पू. 700 च्या सुमारास हेसिओडने ‘थिऑगनी’ या काव्यात देवांची वंशावळ सांगितली. तीत रात्र आणि पाताळातला काळोख यांच्यापासून आकाशाचे तेज व दिवस ही अपत्ये होतात. सूर्यदेव हीलिऑस, चंद्रदेवी सेलेने आणि उषा ईऑस ही भावंडे मात्र हिपेरिऑन व थिया या दांपत्याची.

हीलिऑस आकाशातून जाताना सगळे पाहतो, म्हणून शपथेला त्याची साक्ष काढत. पर्सेफोनीला पाताळाच्या राजाने पळवून नेले, हे तिची आई डीमीटर हिला अखेर त्यानेच सांगितले. तरीही त्याची मोठी उपासना प्रामुख्याने ऱ्होड्स बेटावरच होती. होमरच्या काव्यांत अपोलो आणि सूर्य हे वेगळे देव आहेत. त्यांची सांगड इ.स.पू. पाचव्या शतकापासून दिसू लागते.

ग्रीक धर्मातले प्रकाशाचे मोल खरे कळते ते माणसांनी हाताने राखलेल्या अग्नीवरून. पुराणकथेत प्रॉमीथियस या टायटनने देवांकडची आग एका रोपाच्या पोकळ दांड्यात लपवून आणली. त्याच्या स्मरणार्थ अथेन्समध्ये मशालींची शर्यत होई. पहिल्या आलेल्याची मशाल विझली असेल, तर विजय मागच्याचा. आजच्या ऑलिम्पिक मशालीचा प्रवास मात्र 1936 च्या बर्लिन स्पर्धांपासूनचा आहे.

अग्नी बाटतो, अशीही श्रद्धा होती. इ.स.पू. 479 मध्ये प्लॅटियाच्या रणांगणावर इराण्यांचा पराभव झाला, तेव्हा शत्रूच्या वावराने अशुद्ध झालेले तिथले सगळे अग्नी विझवावेत, असा डेल्फीच्या देववाणीचा आदेश आला. चरित्रकार प्लुटार्क सांगतो, की युकिडास नावाचा प्लॅटियाचा रहिवासी डेल्फीला धावत गेला, तिथल्या वेदीवरून अग्नी घेऊन त्याच दिवशी सूर्यास्ताआधी परतला, नगरवासीयांना अभिवादन केले आणि कोसळून प्राण सोडला.

अथेन्सच्या एरेक्थिऑन मंदिरात अथेना देवीसमोर सोन्याचा नंदादीप तेवत असे. तो शिल्पकार कॅलिमाकसने घडवला होता. प्रवासवर्णनकार पॉसेनिअसच्या वर्णनानुसार एकदा भरलेले तेल वर्षभर पुरे, वात न जळणाऱ्या खनिज तंतूंची होती आणि वरचे काशाचे ताडाचे झाड धूर छतापर्यंत नेई.

अथेन्सजवळच्या एल्युसिस इथे डीमीटर व पर्सेफोनी यांच्यासाठी होणाऱ्या गूढविधींत तर प्रकाश हाच गाभा होता. डीमीटरने मशाली घेऊन नऊ दिवस लेकीचा शोध घेतला होता. दीक्षार्थीही मशाली घेऊन रात्री तिथे पोहोचत. मशालधारक पुरोहिताचे पद केरिकेस घराण्यात वंशपरंपरेने चाले. अंधाऱ्या सभामंडपात अचानक प्रखर उजेड होई. आत काय दाखवले जाई, हे बाहेर सांगण्याला देहदंडाची शिक्षा असल्याने गुपित टिकले. हे विधी पाहिलेल्यांना मृत्यूनंतर चांगली गती मिळते, असा भाव होता. इ.स. 392 मध्ये सम्राट थिओडोसिअसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदी घातली आणि 396 मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने एल्युसिस उद्ध्वस्त केले.