त्याच देशात दुसऱ्यांदा

तुम्ही कोनच्या फाट्यावर उभे आहात. शेजारून द्रुतगती महामार्गावरची वाहनं पुण्याकडे सुसाट निघाली आहेत, मागे उंच इमारती आहेत. मुंबईच्या गिरण्यांत आयुष्य घालवलेल्या कामगारांसाठी त्यांत घरं राखून ठेवली गेली. जवळच पळस्पे फाटा. तिथून एक रस्ता घाट चढून पुण्याला जातो, दुसरा शिरढोण, पेणवरून थेट गोव्याला. ज्यांना भेटायला तुम्ही निघाला आहात त्यांचं मूळ त्या दुसऱ्या रस्त्याच्या टोकाला, गोव्यात. पण ते जन्मले आणि वाढले मुंबईचे म्हणूनच.

आता ही वाहनं आणि इमारती मागे राहू द्या. 1942 चा ऑगस्ट. तुमच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं, गुडघाभर पाणी. जिल्ह्याचं नाव कुलाबा. पनवेलला अजून रेल्वे आलेली नाही. गाव बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेलं. बाजारात कुणाच्या तरी हाती शिळं वर्तमानपत्र लागलं की चार माणसं भोवती जमतात, कारण या जिल्ह्यातली, शेजारच्या रत्नागिरी-साताऱ्यातली पोरं पलटणीत आहेत आणि मार्चमध्ये रंगून पडलं आहे. ब्रह्मदेशातून लाखो हिंदी लोक जंगलातून पायी चालत आसाम-मणिपूरकडे आले, वाटेत किती मेले याची मोजदाद झाली नाही. ‘आपली’ पलटण कुठे आहे, एवढंच या चौघांना हवं आहे. छापलेल्या मजकुरात तेच नेमकं नसतं. सेन्सॉरने ते आधीच काढून टाकलेलं असतं.

आणि याच महिन्यात, 9 तारखेच्या पहाटे, गांधीजींना मुंबईत अटक झाली आहे. युद्ध कुणाचं, हा प्रश्न पारावरसुद्धा विचारला जातो आहे.

मुंबईला या. बोरीबंदरासमोर टाइम्स ऑफ इंडियाची इमारत. 1838 साली सुरू झालेलं पत्र, मालक इंग्रज, संपादक इंग्रज. त्या संपादकीय विभागात पस्तिशीला टेकलेला एक हिंदी माणूस बसतो. फ्रँक मोराएस. 12 नोव्हेंबर 1907 ला मुंबईत जन्मलेले, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेले, पुढे ऑक्सफर्डला इतिहास घेऊन पदवी मिळवलेले, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आलेले. वकिलीत मन रमलं नाही म्हणून वर्तमानपत्रात आले. घरी डॉक्टर पत्नी आणि चार वर्षांचा मुलगा. हा मुलगा पुढे कवी डॉम मोराएस म्हणून ओळखला जाणार आहे. पत्राने या माणसाला ब्रह्मदेश आणि चीनच्या आघाडीवर आपला वार्ताहर म्हणून पाठवायचं ठरवलं.

याचं वजन समजून घ्या. इंग्रजांच्या पत्रात इंग्रजांच्या फौजेची बातमी देणारा हिंदी माणूस. त्या फौजेत बहुसंख्य सैनिक हिंदीच, आणि समोर जपान्यांच्या बाजूला आझाद हिंद सेनेच्या वर्दीतही हिंदीच. इतिहास शिकलेल्या माणसाला यातली गुंतागुंत दिसल्यावाचून राहणार नव्हती.

1944, इम्फाळ. तुमच्या अंगावर आता अधिकाऱ्याचा खाकी गणवेश आहे, पण हुद्द्याची खूण नाही. खांद्यावरच्या पट्टीवर फक्त ‘युद्धवार्ताहर’. शस्त्र बाळगायचं नाही. मजकूर टंकलेखन यंत्रावर बडवायचा आणि सेन्सॉर अधिकाऱ्यापुढे ठेवायचा. तो गावाचं नाव खोडतो, पलटणीचा क्रमांक खोडतो, नदी ओलांडल्याचा दिवस खोडतो. उरतो तो चिखल, पाऊस आणि धैर्य, आणि त्यांतूनच बातमी उभी करायची. मार्चमध्ये सांगशाकच्या टेकडीवर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन पॅराशूट ब्रिगेडबरोबर वेढ्यात अडकली होती. पाण्याचा तुटवडा, जमीन इतकी खडकाळ की खंदक नीट खणता येईना. चार-पाच दिवस ती टेकडी लढली आणि जपान्यांचा वेळ खाल्ला. कोकणात या मुलांच्या घरी त्या आठवड्यात काहीच कळलेलं नव्हतं.

22 जूनला इम्फाळ-कोहिमा रस्त्यावर 109 व्या मैलाच्या दगडाशी दोन बाजूंनी आलेल्या फौजा एकमेकांना भेटल्या आणि इम्फाळला पडलेला जपानी वेढा उठला. बातमी म्हणून ती दोन ओळींत संपते. तिच्यामागे तीन महिन्यांची उपासमार होती, विमानांनी आणलेल्या शिध्यावर जगलेलं अख्खं सैन्य होतं. या आघाडीवर काम केलेल्या वार्ताहराच्या अंगी एक गोष्ट मुरते, ती म्हणजे कागदावर आलेलं आणि घडलेलं यांतलं अंतर मोजण्याची सवय. मोराएस यांच्या पुढच्या तीस वर्षांची किल्ली मला तिथे दिसते.

आसामातून विमानात बसा. हिमालयाच्या पूर्वेकडच्या रांगांवरून चीनमध्ये उतरणारा हा हवाई मार्ग, वैमानिक त्याला ‘कुबड’ म्हणत. खाली कित्येक विमानांचे सांगाडे पडलेले. पलीकडे चुंगकिंग, चँग कै शेकची युद्धकाळातली राजधानी. परदेशी वार्ताहरांना राहायला माती आणि बांबूच्या भिंतींचं वसतिगृह. सकाळी तांदळाचा भाव एक, संध्याकाळी दुसरा. नोटांचे गठ्ठे घेऊन माणसं बाजारात जातात. सैनिक कुपोषित, सरकारी अधिकारी गब्बर. जपान्यांविरुद्ध इतकी वर्षं टिकून राहिलेल्या देशाचं राज्य आतून पोखरलं जाताना तुम्ही पाहता. हे नीट ध्यानात ठेवा, कारण आठ वर्षांनी इथे पुन्हा यायचं आहे.

युद्ध संपतं. 1946 ते 1949 मोराएस सिलोनमध्ये, टाइम्स ऑफ सिलोन आणि मॉर्निंग स्टँडर्ड या पत्रांचे संपादक. 1948 च्या फेब्रुवारीत सिलोन स्वतंत्र झालं तेव्हा ते कोलंबोत संपादकाच्या खुर्चीवर होते.

1950. पुन्हा बोरीबंदर. टाइम्सची मालकी आता दालमियांकडे आहे आणि संपादकाच्या दारावर पहिल्यांदाच हिंदी माणसाचं नाव लागलं आहे. एकशे बारा वर्षं लागली. तुम्ही त्या खोलीत उभे राहा. ज्या पत्राने पिढ्यान्‌पिढ्या राज्यकर्त्यांच्या नजरेने हा देश पाहिला, त्याचा अग्रलेख आज त्याच देशातला माणूस लिहितो आहे. मला या क्षणाचा अभिमान वाटतो, आणि मराठी वाचकांच्या आठवणीत तो असायला हवा होता असंही वाटतं. मुंबईच्या पत्रकारितेचा इतिहास सांगताना आपण जांभेकरांपासून अत्र्यांपर्यंत येतो आणि इंग्रजीच्या दाराशी थांबतो. त्या दारापलीकडेही आपलीच माणसं होती.

संपादक झाल्यावर माणूस खुर्चीला चिकटतो. मोराएस दोनच वर्षांत चीनला निघाले.

1952 चा वसंत. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखाली सांस्कृतिक शिष्टमंडळ पेकिंगला उतरलं आहे. आचार्य नरेंद्र देव सोबत आहेत. कोरियात युद्ध पेटलेलं आहे, आणि अमेरिका रोगजंतू टाकते आहे असा प्रचार पेकिंगमध्ये जोरात आहे. तुम्हाला शाळा दाखवतात, कारखाने दाखवतात. रस्ते लख्ख. माशी दिसत नाही, आणि पाहुणे एकमेकांना ते पुन्हापुन्हा सांगतात. लाचखोरी आणि करबुडवेगिरीविरुद्ध व्यापाऱ्यांवर मोहीम चालू आहे. ज्याने चुंगकिंगचे नोटांचे गठ्ठे आणि गब्बर अधिकारी पाहिले, त्याला हा फरक दिसणारच. तो खरा होता, नाकारण्यासारखा नव्हता.

पण सोबतच्या पाहुण्यांपैकी बहुतेकांना आधीचा चीन माहीत नाही. त्यांच्यासमोर एकच चित्र आहे. मोराएस यांच्यासमोर दोन आहेत, म्हणून त्यांना विचारता येतं की या स्वच्छतेची किंमत कोण देतं आहे. तुम्ही त्यांच्यामागून चाला. दुभाषा सतत बाजूला. कामगार, विद्यार्थी, शेतकरी, सगळ्यांकडून तेच उत्तर, त्याच शब्दांत. ध्वनिक्षेपक सकाळपासून बोलताहेत. चुंगकिंगमध्ये सरकारला शिव्या देणारे लोक भेटत होते, दबक्या आवाजात का होईना. इथे तो दबका आवाजही नाही. इम्फाळला सेन्सॉरने खोडलेल्या जागा ज्याने ओळखल्या, त्याला इथली कोरी जागा दिसली.

1953 साली ‘रिपोर्ट ऑन माओज चायना’ प्रसिद्ध झालं. ‘हिंदी-चिनी भाई भाई’चे दिवस उजाडत होते, पंचशील करार पुढच्याच वर्षी व्हायचा होता. अशा वेळी या संपादकाने चीनच्या नव्या सत्तेबद्दल सावध राहायला सांगणारं पुस्तक लिहिलं. ते लोकप्रिय मत नव्हतं. दिल्लीला तर ते नकोच होतं.

इथे तुम्ही म्हणाल, हा माणूस नेहरूंचा विरोधक असणार. तर 1956 मध्ये या. ‘जवाहरलाल नेहरू’ हे त्यांचं चरित्र प्रसिद्ध झालं आहे. बांडुंग परिषदेला जेमतेम वर्ष झालं आहे, नेहरूंची कीर्ती शिखरावर, आणि मोराएस यांनी त्यांचं आयुष्य आदराने, खोलात जाऊन मांडलं आहे. ज्याच्या चीनधोरणाची त्यांना काळजी वाटते, त्याचं मोठेपण मान्य करायला त्यांना अडचण वाटली नाही.

1957 मध्ये मोराएस रामनाथ गोएंका यांच्या इंडियन एक्स्प्रेसमध्ये मुख्य संपादक म्हणून गेले आणि 1972 पर्यंत तिथेच राहिले. याच समूहाचं ‘लोकसत्ता’ 1948 पासून मराठीत निघत होतं आणि गिरणगावात वाचलं जात होतं. कोनच्या इमारतींत राहायला आलेल्या कुणा कामगाराने त्याच्या चाळीत ज्या समूहाचा अंक वाचला असेल, त्याच समूहात हे गोवेकर संपादक होते.

1959 च्या मार्चमध्ये दलाई लामा ल्हासाहून निसटून भारतात आले. 1960 मध्ये मोराएस यांचं ‘द रिव्होल्ट इन तिबेट’ आलं. त्यांच्या पुस्तकांच्या तारखा पाहा. घटना आणि ग्रंथ यांत जेमतेम वर्षभराचं अंतर. इतिहासकार पन्नास वर्षं थांबतो, दफ्तरं उघडेपर्यंत वाट पाहतो. आपल्याकडे तो दंडक आहे आणि तो योग्यच. पण तिबेटसारख्या ठिकाणी पन्नास वर्षं थांबलं तर साक्षीदारच उरत नाहीत. अशा वेळी लिहिणारा वार्ताहर-इतिहासकार लागतो, त्याच्या घाईचे दोष धरूनही.

1962 चा नोव्हेंबर. ईशान्य सीमेवर चिनी फौजांपुढे से ला पडलं, बोमडिला पडलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पायउतार व्हावं लागलं आहे. इंडियन एक्स्प्रेसने त्यांच्यावर आधीपासून टीका चालवली होती. तुम्ही वृत्तविभागात उभे आहात, टेलिप्रिंटर खडखडतो आहे आणि 21 तारखेला चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केल्याची बातमी येते. नऊ वर्षांपूर्वीचं ते चीनवरचं पुस्तक कपाटातून काढायला आता बरेच जण धावतील.

नेहरू 27 मे 1964 ला गेले. त्याच वर्षी मोराएस यांचं दुसरं नेहरूपुस्तक निघालं, ‘नेहरू: सनलाइट अँड शॅडो’. ऊन आणि सावली. पहिल्या चरित्राला आठच वर्षं झाली होती, आणि त्याची नवी आवृत्ती काढून भागलं असतं. त्यांनी तोच माणूस पुन्हा पाहिला, या खेपेला सावलीसकट.

मोराएस पुढे लंडनला गेले. 1973 मध्ये ‘विटनेस टू अॅन इरा’ हे आत्मकथन आलं, 2 मे 1974 ला लंडनमध्येच त्यांचं निधन झालं. कोनहून पुण्याला किंवा गोव्याला निघताना रस्त्यात वाचायला काही हवं असेल, तर 1956 चं आणि 1964 चं अशी दोन्ही नेहरूपुस्तकं घ्या, आणि आधी जुनं वाचा.