निवडुंगाचे देणे

दारात तुळस आणि बांधावर निवडुंग, अशी आपल्याकडे दोघांची जागा ठरलेली. निवडुंगाने जागा सोडली म्हणजे काय होते, हे ऑस्ट्रेलियाला विचारावे!

१७८८ साली कॅप्टन आर्थर फिलिप यांच्या गलबतांतून ब्राझीलचा निवडुंग तेथे उतरला. त्यावरील किड्यांपासून सैनिकांच्या डगल्यांसाठी लाल रंग काढावा, असा हिशेब होता. तो फसला. पुढे निवडुंगाची दुसरी एक जात शोभेला व कुंपणाला लावली गेली. आणि १९२५ पर्यंत क्वीन्सलँड व न्यू साउथ वेल्स येथील सुमारे सहा कोटी एकर जमीन तिने गिळली.

तोडावे तर तुटलेली फडी पुन्हा रुजे. विष घालावे तर खर्च जमिनीच्या किमतीहून अधिक. रोगापेक्षा औषध महाग! कित्येक शेतकरी घरदार टाकून गेले.

अखेर १९२५ साली अर्जेंटिनाहून एका पतंगाची सुमारे तीन हजार अंडी आणली. त्याच्या अळ्या इतर पिकांना तोंड लावीत नाहीत, याची आधी कसून परीक्षा झाली. दहा वर्षांत बहुतेक रान मोकळे झाले. बूनार्गा येथे लोकांनी त्या पतंगाच्या नावाने सभागृहच बांधले.

त्याच क्वीन्सलँडात १९३५ साली उसावरील भुंगेऱ्यांसाठी हवाई बेटांवरून बेडकाचा विषारी भाईबंद, भेक, आणला. पुरेशी परीक्षा न करताच. भुंगेरे राहिले, आणि भेक आजही पसरतोच आहे.

परीक्षेचा खर्च वाचवला, की देणे नातवंडांच्या माथी येते.