राणीच्या बागेचे बिनपगारी राखणदार

स्मरणिका समितीने "काका, सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा" अशी गळ घातली. तो इतिहास आपले जुने सेक्रेटरी माझ्यापेक्षा चांगला लिहितील. मी लिहितो आहे भायखळ्याच्या राणीच्या बागेचा. आपण सगळे तिथे लहानपणी हत्ती-माकडं बघायला गेलो, आता नातवंडांना पेंग्विन दाखवायला नेतो. पण ती मुळात वनस्पती उद्यान आहे, प्राणी मागाहून आले, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

या बागेची सुरुवात एका वर्गणीदारांच्या संस्थेने केली. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था १८३० सालची. नाना शंकरशेट तिच्या कामात पुढे होते. शिवडीला संस्थेची आधीची बाग होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याच्या नव्या बागेचं उद्घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते झालं. १८७३ मध्ये संस्था संपली आणि बाग महापालिकेकडे आली. प्राणिसंग्रहालय त्यानंतरचं, १८९० च्या सुमाराचं. संस्था गेली, झाडं मात्र राहिली. आफ्रिकेची गोरखचिंच, ब्रह्मदेशाची उर्वशी, कैलासपती, कृष्णवड असे तीन हजारांच्या आसपास वृक्ष तिथे आहेत.

२००७ साली या जागेचं आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करण्याचा मोठा आराखडा पुढे आला. जुनी झाडं आणि बागेची एकोणिसाव्या शतकातली आखणी यांचं काय होणार, ही काळजी घेऊन काही महिला एकत्र आल्या. त्यांच्याकडे ना पगार, ना पद. त्यातूनच 'सेव्ह राणी बाग बॉटनिकल गार्डन फाउंडेशन' उभं राहिलं. झाडं मोजणं, माहितीच्या अधिकारात कागद मिळवणं, वारसा समितीपुढे बाजू मांडणं, हे काम वर्षानुवर्षं चाललं. मूळ आराखडा तसाच्या तसा झाला नाही. सगळंच त्यांच्या मनासारखं झालं असंही नाही. बांधकामं झाली, २०१६ मध्ये पेंग्विनही आले. पण बाग वनस्पती उद्यान म्हणून ओळखली जाते, यात त्यांचा वाटा मोठा आहे. २०१२ मध्ये बागेला १५० वर्षं झाली तेव्हा याच मंडळींनी तिच्यावर पुस्तक काढलं.

आता माझी कबुली. त्याच दिवसांत एका रविवारी मी नातवाला घेऊन बागेत गेलो होतो. दारात एक बाई कागद घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "झाडांसाठी एक सही देता का?" मी "बघू नंतर" म्हणून पुढे सटकलो. नोकरीत आहोत, कशाला भानगड! जन्मभर काउंटरच्या आत बसून लोकांच्या सह्या तपासल्या, आणि स्वतःची एक सही देताना हात आखडला.

निवृत्तीनंतर एका वृक्षफेरीला गेलो. उर्वशीला लालसर फुलांचे झुबके लोंबत होते. झाड दाखवणाऱ्या ताईंना मी ही गोष्ट सांगितली. त्या हसून म्हणाल्या, "असे पुष्कळ होते हो काका. आता आलात ना?" तेव्हापासून जमेल तसा जातो. मला झाडांतलं फार कळत नाही. पण अर्ज लिहिणं, फाइल लावणं, उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र धाडणं हे बँकेने शिकवलंय. तेही तिथे उपयोगी पडतं.

अशा कामाची एकच अडचण, माणसं तीच ती आणि दर वर्षी एका वर्षाने म्हातारी होणारी. हे आपल्याला नवं नाही. पंचवीस वर्षांत आपली किती वार्षिक सभा गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब झाली, ते इतिवृत्तात पाहा. आपल्या गेटजवळची झाडंही कुणीतरी पाणी घातलं म्हणूनच जगली आहेत.

सभासद बंधू-भगिनींनो, थंडी ओसरताना एका रविवारी माझ्याबरोबर राणीच्या बागेत चला. बुधवारी बाग बंद असते, एवढं ध्यानात ठेवा. मुलांना पेंग्विन जरूर दाखवा, पण आधी उर्वशी दाखवू. आणि दारात कुणी कागद पुढे केला, तर वाचून, पटलं तर सही करा. "बघू नंतर" म्हणू नका.