तारेच्या टोकाची गोष्ट

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमलगतच्या सोल्ना येथील कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाच्या पोटाच्या कातडीखाली एक गोल चकती बसवण्यात आली. दिवसातून वीस-तीस वेळा लार्सनचे हृदय मंदावून तो बेशुद्ध पडत असे. त्याची पत्नी एल्स-मरी हिने डॉक्टर ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांचा पिच्छाच पुरवला होता. शरीरात बसवण्याजोगे यंत्र अजून तयार नाही, असे त्यांनी सांगितले, तेव्हा मग तयार करा, असा तिचा आग्रह होता. एल्मक्विस्टने दोन ट्रान्झिस्टर आणि एक छोटा विद्युतघट बुटपॉलिशच्या डबीत ठेवून वरून इपॉक्सी राळ ओतली. संपूर्णपणे शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर तो हाच. काही तासांतच तो बंद पडला आणि दुसरा बसवावा लागला. पुढे लार्सन २००१ सालापर्यंत, म्हणजे ८६ वर्षांचा होईपर्यंत जगला. तोवर त्याच्या शरीरात एकामागून एक असे २६ पेसमेकर बसवून झाले होते. ज्यांनी त्याला वाचवले त्या दोघांच्याही मागे तो राहिला.

पेसमेकरचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथपासून सुरुवात करतात आणि पुढे त्या डबीचीच गोष्ट सांगत जातात. डबी लहान कशी झाली, बॅटरी जास्त वर्षे कशी टिकू लागली, आत संगणक कसा आला. मी पॉलिटेक्निकमध्ये बरीच वर्षे विद्युत उपकरणे शिकवली. यंत्र बंद पडले की ते उघडण्याआधी जोडणी तपासा, हा तिथला पहिला धडा. त्याच सवयीने हा इतिहास वाचत गेलो, तेव्हा मला त्यात दुसरीच गोष्ट दिसू लागली. पेसमेकरची खरी अडचण डबीत नव्हती. डबीतून निघून हृदयापर्यंत जाणारी तार आणि त्या तारेचे मांसाला टेकणारे टोक, या दोन ठिकाणी ती होती. डॉक्टर या तारेला लीड म्हणतात आणि टोकाला इलेक्ट्रोड. या लेखात मी त्या टोकाचा माग काढणार आहे.

आधी हृदयाची रचना थोडक्यात पाहू. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात, म्हणजे उजव्या कर्णिकेत, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. निसर्गाने दिलेला पेसमेकर हाच. त्यातून निघालेला संदेश एका अरुंद वाटेने खालच्या कप्प्यांत, म्हणजे जवनिकांत उतरतो. विल्हेल्म हिस याने १८९३ मध्ये दाखवलेला तंतूंचा जुडगा ही ती वाट. वाट तुटली की वरून हाक येते, पण खाली ऐकू जात नाही. यालाच आपण हार्ट ब्लॉक म्हणतो. मग बाहेरून वीज देऊन जवनिका आकुंचित करायच्या. प्रश्न एवढाच की ही वीज द्यायची कुठे?

सिडनीच्या मार्क लिडविल आणि एडगर बूथ यांनी १९२०च्या दशकात याचे सरळ उत्तर दिले. यंत्राचा एक ध्रुव मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पट्टीने कातडीवर ठेवायचा. दुसरा ध्रुव म्हणजे टोक सोडून बाकी सगळी आच्छादित केलेली सुई. ती थेट हृदयात खुपसायची. या उपायाने एक नवजात अर्भक जगल्याची नोंद त्यांनी केली आहे. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट हायमनने १९३२ मध्ये हाताने किल्ली देऊन चालवण्याचे यंत्र वर्णिले. ‘आर्टिफिशियल पेसमेकर’ हा शब्द त्याच्यामुळे रूढ झाला. सुई मात्र त्यालाही टळली नाही.

बोस्टनच्या पॉल झोल यांनी १९५२ मध्ये सुईच काढून टाकली. छातीच्या कातडीवर दोन पट्ट्या लावून त्यांनी बाहेरूनच हृदय चालवून दाखवले. वैद्यकाच्या दृष्टीने ही मोठीच झेप होती. पण कातडी, स्नायू आणि बरगड्या ओलांडून हृदयापर्यंत पोचायला शंभर व्होल्टच्या आसपास दाब लागे. दर ठोक्याला छातीचे स्नायू आखडत आणि कातडी भाजून निघे. शुद्धीवर असलेल्या माणसाने असे किती दिवस काढायचे? त्यातून यंत्र भिंतीतल्या प्लगला जोडलेले. रुग्णाचे जग वायरीच्या लांबीएवढेच.

कलाटणी मिळाली ती अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात. मिनेसोटा विद्यापीठातले सर्जन वॉल्टन लिलेहाय लहान मुलांच्या हृदयातली जन्मजात छिद्रे शिवत असत. त्या छिद्राच्या काठानेच हिसचा जुडगा जातो. टाका तिथे पडला की शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही हार्ट ब्लॉकने मूल दगावत असे. बहुतेकदा सूज उतरली की वाट पुन्हा मोकळी होण्यासारखी असे. काही दिवस निभावून नेण्यापुरताच प्रश्न होता. ३० जानेवारी १९५७ रोजी लिलेहाय यांनी टेफ्लॉनचे आवरण असलेली पोलादाची बारीक तार एका मुलाच्या हृदयाच्या स्नायूतच टाचली आणि तिचे दुसरे टोक छातीतून बाहेर काढून यंत्राला जोडले. आता काही व्होल्टच पुरले. मुलाला वेदना होईनात. हृदय सावरले की तार हळूच ओढून काढता येई.

मला हा क्षण सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. टोक स्नायूला टेकले आणि लागणारी वीज एकदम कमी झाली. वीज कमी लागते म्हटल्यावरच बॅटरीचा विचार शक्य झाला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला मिनिआपोलिसमध्ये तीन तास वीज गेली. प्लगवर जगणाऱ्या मुलांचे काय, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांसमोर उभा राहिला. विद्यापीठाची उपकरणे दुरुस्त करणारा तरुण अभियंता अर्ल बाकन याला लिलेहाय यांनी उपाय शोधायला सांगितले. गॅरेजमध्ये कारखाना चालवणाऱ्या बाकनला एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकात छापलेली, संगीताचा ठेका धरणाऱ्या मेट्रोनोमची आकृती आठवली. तिच्या आधाराने चार आठवड्यांत त्याने गळ्यात अडकवता येईल एवढी डबी बनवली. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मेडट्रॉनिक कंपनीचा पाया या डबीने घातला. पण लिलेहाय यांची तार आधी आली नसती, तर या डबीला झोल यांच्या पट्ट्यांपुढे काहीच करता आले नसते.

बफेलोच्या विल्सन ग्रेटबॅच या अभियंत्याची गोष्टही अशीच वारंवार सांगितली जाते. हृदयाचे आवाज टिपणारे यंत्र जुळवताना त्याने चुकीचा रोधक लावला. सर्किट क्षणभर ठोका देऊन सेकंदभर गप्प बसू लागले आणि त्याला त्यात हृदयाची लय ऐकू आली. सर्जन विल्यम चार्डॅक यांच्यासह त्याने ७ मे १९५८ रोजी ते कुत्र्यावर तपासले. १९६० पासून त्यांचे यंत्र माणसांत बसू लागले. इथवरची गोष्ट डबीची आहे. तारेची गोष्ट त्यानंतर सुरू झाली, कारण तारा तुटू लागल्या.

का तुटल्या, याचे साधे गणित मांडून पाहू. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाला १,०३,६८० आणि वर्षाला पावणेचार कोटींहून थोडे जास्त. दर ठोक्याला तार वाकते आणि सरळ होते. पत्र्याची पट्टी हाताने दहा-वीसदा पुढे-मागे वाकवली तरी तुटते, हे आपण सगळ्यांनी करून पाहिले आहे. कारखान्यातही सहसा कोणी धातूकडून अशी अपेक्षा करत नाही. शिवाय ही तार खारट, कोमट द्रवात बुडालेली. चार्डॅक यांनी सरळ तारेऐवजी प्लॅटिनम-इरिडियमची स्प्रिंगसारखी गुंडाळी वापरली. स्प्रिंगमध्ये वाकण्याचा ताण एका जागी न साचता लांबीभर वाटला जातो. ही कल्पना इतकी पक्की ठरली की आजच्या बहुतेक तारांच्या आत अशीच गुंडाळी असते.

तरीही छाती उघडून टाचावी लागणारी तार म्हाताऱ्या, अशक्त रुग्णांना झेपणारी नव्हती. वाट मात्र जुनीच होती. जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावी वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने १९२९ मध्ये स्वतःच्या दंडाच्या नीलेतून रबरी नळी हृदयापर्यंत सरकवली होती आणि तशाच अवस्थेत जिना उतरून क्ष-किरण फोटो काढून घेतला होता. त्या वेळी त्याला शाबासकीपेक्षा बोलणीच जास्त मिळाली. १९५६ मध्ये नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. न्यूयॉर्कच्या मॉन्टेफिओर रुग्णालयात सेमूर फरमन यांनी १९५८ मध्ये त्याच वाटेने इलेक्ट्रोड धाडला आणि उजव्या जवनिकेच्या आतल्या भिंतीला टेकवला. त्यांच्या एका रुग्णाने या तारेवर ९६ दिवस काढले. यंत्र ढकलगाडीवर आणि मागे लांबलचक वायर, असा तो रुग्णालयात हिंडत असे. १९६२ च्या सुमारास स्टॉकहोम आणि अमेरिकेतल्या न्यूअर्क येथे नीलेतली तार आणि कातडीखालची डबी यांची जोडी जमली. छाती न उघडता, केवळ जागा बधिर करून पेसमेकर बसू लागला. आज आपल्या नात्यागोत्यात ज्यांना पेसमेकर आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांची तार याच वाटेने गेलेली असते.

पण टेकवलेले टोक सरकते. त्याला जागेवर धरून ठेवण्यासाठी मऊ काटे आले. हे काटे हृदयाच्या आतल्या जाळीदार भिंतीत अडकतात. बाटलीचे बूच काढण्याच्या यंत्रासारखा स्क्रूही आला. याच काळात टोकाला नवे कामही मिळाले. सुरुवातीचे पेसमेकर हृदय स्वतः ठोके देत असले तरी आपलाच ठेका लावत. दोन ठेके चुकीच्या क्षणी एकमेकांवर पडले तर ते जिवावर बेतू शकते. बारू बर्कोविट्स या अभियंत्याने १९६४ मध्ये असा पेसमेकर पुढे आणला, जो आधी ऐकतो आणि हृदय गप्प राहिले तरच बोलतो. ऐकायचे ते त्याच तारेतून. एकच टोक तोंडही झाले आणि कानही.

सगळ्यांत चिवट अडचण मात्र शरीराची स्वतःची होती. परका धातू टेकला की शरीर त्याच्याभोवती वण उभा करते. वणातले तंतू आकुंचन पावत नाहीत. म्हणजे जिवंत स्नायू टोकापासून थोडा दूर जातो आणि ठोका उमटवायला लागणारी किमान वीज पहिल्या काही आठवड्यांत वाढत जाते. या किमान मर्यादेला उंबरठा म्हणतात. उंबरठा वर गेला तर बॅटरी लवकर संपते आणि फारच वर गेला तर यंत्र चालू असूनही हृदय थांबून राहते. १९८३ मध्ये केनेथ स्टोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला उपाय थक्क करणारा आहे. टोकाच्या आतच त्यांनी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एक मिलिग्रॅमहूनही कमी साठा ठेवला. तो हळूहळू पाझरतो आणि नेमक्या त्याच जागी सूज दाबून ठेवतो. उंबरठा खाली राहिला. ग्रेटबॅचच्याच प्रयत्नांतून १९७०च्या दशकात आलेल्या लिथियम-आयोडीन विद्युतघटामुळे बॅटरी टिकाऊ झाली, असे आपण वाचतो. ते खरेच आहे. पण थोडक्या विजेत भागवणारे टोक नसते, तर ती बॅटरी इतकी लहान करता आली नसती.

तारेचे आवरणही काही सोपे निघाले नाही. सिलिकॉन रबर शरीराला मानवते, पण ते मऊ असल्याने जाड ठेवावे लागते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस पॉलियुरेथेन आले. ते पातळ आणि घसरट असल्याने एका नीलेतून दोन तारा सहज जाऊ लागल्या. काही वर्षांत त्यातल्या काही प्रकारांना शरीराच्या आत भेगा पडताना आढळल्या. प्रयोगशाळेत टिकलेला पदार्थ शरीरात टिकेलच असे नाही, हे ज्ञान रुग्णांच्या जिवावर मिळाले. डबी संपली तर तासाभरात बदलता येते. जुनी तार मात्र नीलेच्या आणि हृदयाच्या भिंतीला जखडलेली असते. ती काढणे जोखमीचे असते, म्हणून अनेकदा निकामी तार आतच ठेवून शेजारून नवी घालतात.

मुंबईतल्या एका उपक्रमात हाच फरक वेगळ्या तऱ्हेने दिसतो. अमेरिकेत मृत्यूनंतर काढलेले पेसमेकर दान म्हणून गोळा करून, तपासून, निर्जंतुक करून होली फॅमिली रुग्णालयात गरीब रुग्णांना बसवण्यात आले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार १२१ पैकी ५३ पेसमेकरांत पुरेशी बॅटरी शिल्लक होती आणि ते ५३ जणांच्या उपयोगी पडले. अशा पुनर्वापरात दुसऱ्याला मिळते ती डबी. तार नवीच लागते.

मग तारच नको, असा विचार होणारच. २०१२-१३ पासून गोळीएवढे, जेमतेम दोन ग्रॅम वजनाचे पेसमेकर थेट जवनिकेत सोडले जाऊ लागले. लांब तार गेली. टोक राहिलेच. ही गोळीही नखांसारख्या आकड्यांनी स्नायूला धरते आणि तिच्या एका बाजूला इलेक्ट्रोड असतो. दुसरीकडे, टोक कुठे टेकवावे हा जुना प्रश्न पुन्हा उघडला आहे. जवनिकेच्या तळाशी टेकवले तर हृदयाचे आकुंचन उलट्या वाटेने पसरते आणि काही रुग्णांत वर्षानुवर्षांनी हृदय दुबळे होते. पेनसिल्व्हानियात काम करणाऱ्या प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये टोक थेट हिसच्या जुडग्यावर बसवून कायमस्वरूपी पेसिंग करता येते हे दाखवले. निसर्गाच्या वाटेनेच संदेश पाठवायचा, हा त्यामागचा विचार आज जगभर रुजतो आहे. हिसने दाखवलेल्या वाटेवर तार पोचायला शंभराहून जास्त वर्षे लागली.

या सगळ्यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पेसमेकर बसवताना घरचे लोक डॉक्टरांना विचारतात की बॅटरी किती वर्षे चालेल. प्रश्न योग्यच आहे. त्याच्या जोडीला तार कोणती बसवली, टोक कुठे टेकवले आणि उंबरठा किती आहे, हेही विचारावे. घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर डबीसोबत तारेचा प्रकार आणि क्रमांकही असतो. दहा वर्षांनी डबी बदलायची वेळ आली की डॉक्टर आधी तोच पाहतात. कार्ड जपून ठेवावे.