विज्ञान संशोधनासाठी ग्रँट: कुठे शोधावी, कोणाला मिळते?



मुलगा किंवा मुलगी विज्ञानात संशोधन करायचे म्हणते, तेव्हा घरात पहिला प्रश्न पैशाचा निघतो. भारतातून अमेरिकेत शिकायला येऊ पाहणाऱ्या भाच्या-पुतण्यांचेही तेच. पीएच.डी.साठी घर तारण ठेवून कर्ज काढावे का, असे विचारणारे फोन आपल्यापैकी बऱ्याच जणांना येतात. खरे म्हणजे अमेरिकेत विज्ञानातली पीएच.डी. सहसा कर्ज काढून करायची नसते. मात्र पैसा कुठून येतो आणि कोणत्या अटींवर, हे वेळेत माहीत हवे. मी आयटीत काम करतो, संशोधक नाही. घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी गोळा केलेली ही माहिती इतरांच्याही उपयोगी पडावी म्हणून देत आहे.

१. पैसा येतो कसा?

संशोधनाची ग्रँट बहुतेक वेळा व्यक्तीला नाही, विद्यापीठाला मिळते. प्रोफेसर प्रस्ताव लिहितात आणि विद्यापीठाचे ग्रँट ऑफिस तो पाठवते. इमारत, वीज, हिशेब यांसाठी काही रक्कम ओव्हरहेड म्हणून विद्यापीठ घेते. उरलेल्या पैशातून उपकरणे, साहित्य आणि विद्यार्थ्यांचे मानधन निघते. यालाच रिसर्च असिस्टंटशिप म्हणतात. तिच्याबरोबर ट्यूशनचीही सोय सहसा होते, आणि ती एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यालाही मिळू शकते. त्यामुळे "सरकारी पैसा फक्त नागरिकांना" हा समज अर्धाच खरा आहे. एम.एस.ची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेकांना फी स्वतःच भरावी लागते.

२. नागरिकत्वाची अट कुठे येते?

विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाने मिळणाऱ्या फेलोशिपला ही अट बहुधा असते.

- एनएसएफची ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिप: १९५२ पासून सुरू. तीन वर्षे, दर वर्षी ३७,००० डॉलर (२०२५ च्या जाहिरातीनुसार). नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असणे आवश्यक.
- एनएसएफचे आरईयू: कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्यात साधारण ८ ते १० आठवडे संशोधन, मानधनासह. अर्ज थेट त्या त्या विद्यापीठाकडे करायचा. अट वरीलप्रमाणेच.
- गोल्डवॉटर स्कॉलरशिप: कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी, ७,५०० डॉलरपर्यंत. नाव कॉलेजने सुचवावे लागते, म्हणून आधी कॉलेजमध्ये चौकशी करावी.
- पॉल अँड डेझी सोरोस फेलोशिप: स्थलांतरित आणि त्यांच्या मुलांसाठीच. दर वर्षी ३० जणांना, प्रत्येकी ९०,००० डॉलरपर्यंत. इथे जन्मलेली आपली मुलेही बसू शकतात, पण आई-वडिलांच्या जन्मस्थानाची आणि वयाची अट नीट वाचावी.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. ग्रीनकार्डच्या रांगेत असलेल्या अनेक कुटुंबांतली मुले लहानपणी आली, इथेच शिकली, पण एच-४ वर आहेत. ती वरच्या पहिल्या तीन योजनांत बसत नाहीत. शिवाय एच-४ वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही आणि २१ व्या वर्षी तो व्हिसाही संपतो. हे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी कळले तर फार उशीर होतो. म्हणून अकरावीतच आढावा घ्या. एफ-१ केव्हा घ्यावा, हे वकील आणि कॉलेजचे इंटरनॅशनल ऑफिस यांना विचारा. बऱ्याच विद्यापीठांचा स्वतःचा संशोधन निधीही असतो. त्याला नागरिकत्वाची अट असेलच असे नाही.

३. शोधायचे कुठे?

सरकारी ग्रँटच्या जाहिराती ग्रँट्स डॉट गव्ह या वेबसाईटवर मिळतात. पण विद्यार्थ्यांच्या जास्त कामाची आहेत ती मंजूर ग्रँटची यादी देणारी दोन ठिकाणे: एनएसएफचा अवॉर्ड सर्च आणि एनआयएचचे रिपोर्टर. प्रोफेसरचे नाव टाकले की ग्रँट कोणत्या विषयाची, किती रकमेची आणि कधी संपणार, हे दिसते. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात. गाईडची ग्रँट पुढच्या वर्षी संपत असेल, तर पुढची सोय काय, हे प्रवेश घेण्याआधी नम्रपणे विचारावे. २०२५ मध्ये या दोन्ही संस्थांनी चालू असलेल्या अनेक ग्रँट रद्द केल्या, त्यामुळे हा प्रश्न आता कोणालाही वावगा वाटणार नाही. ग्रँट संपल्यास टीचिंग असिस्टंटशिप मिळेल का, आणि किती वर्षांची हमी पत्रात लिहून देतात, हेही पाहावे.

४. पोस्टडॉक आणि नवे प्रोफेसर

आपल्या मंडळींत हेही बरेच आहेत. एनआयएचच्या के-९९ ला आणि एनएसएफच्या करिअर ग्रँटला (पाच वर्षे, किमान चार लाख डॉलर) नागरिकत्व लागत नाही. करिअर ग्रँटमध्ये संशोधनाबरोबर शिक्षणाचाही आराखडा द्यावा लागतो. शाळकरी मुलांसाठी प्रयोगशाळा, नवा अभ्यासक्रम वगैरे तिथे बसते. हा भाग शेवटच्या रात्री लिहिलेला असेल तर तो लगेच ओळखू येतो. प्रस्ताव लिहिण्याआधी एका पानाचा सारांश प्रोग्रॅम ऑफिसरला ईमेलने पाठवावा. विषय त्यांच्या कक्षेत बसतो की नाही हे कळले, तर काही महिन्यांचे श्रम वाचतात.

५. सावधान!

सरकारी ग्रँटच्या अर्जाला फी नसते. "तुमची ग्रँट मंजूर झाली आहे, प्रोसेसिंगचे पैसे भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्यावा.

अर्जाच्या बहुतेक तारखा ऑक्टोबर ते जानेवारीत येतात आणि शिफारसपत्रांना प्रोफेसरांना महिनाभर तरी द्यावा लागतो. म्हणजे तयारी गणपतीच्या सुमारास सुरू झालेली बरी. अटी आणि रकमा दर वर्षी बदलू शकतात, त्यामुळे अर्ज करताना मूळ जाहिरात वाचावीच.

सर्व विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा!